विश्लेषण : घड्याळ म्हणते ‘ताजेतवाने’, पोटरी म्हणते ‘नाही’… स्नायूंचा थकवा मोजतात कसा?

रविवारी गड उतरून आलेल्या माणसाचे स्मार्टवॉच मंगळवारी सकाळी हिरवा आकडा दाखवते. शरीर पूर्ववत, व्यायामाला हरकत नाही. तोच माणूस कठडा धरून, एकेक पायरी आडवा होऊन जिना उतरत असतो. घड्याळ खोटे बोलत नाही आणि मांड्याही खोट्या बोलत नाहीत. दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. हा फरक लक्षात आला नाही तर मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला दुखापत होते, पोलीस भरतीच्या मैदानावर धावणारा तरुण कधी कधी थेट रुग्णालयात पोहोचतो आणि पोते उचलणाऱ्याची कंबर चाळिशीतच कायमची जाते.

घड्याळ नेमके काय मोजते?

मनगटावरचे उपकरण प्रामुख्याने नाडी मोजते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर किती बदलते, झोपेत नाडी किती खाली उतरली, झोप किती झाली, त्वचेचे तापमान किती होते, यांवरून ते ‘रिकव्हरी’चा एक आकडा काढते. हा आकडा निरुपयोगी नाही. ताप येणार असेल, झोप अपुरी असेल, मनावर ताण असेल, तर त्यात फरक पडतो. पण ती सगळ्या शरीराची, त्यातही हृदय आणि मज्जासंस्थेची खबर आहे. उजव्या पोटरीत काय चालले आहे, हे मनगटावरच्या हिरव्या दिव्याला कळत नाही.

थकवा बहुतेक वेळा एका जागी असतो. दहीहंडीच्या खालच्या थरातल्या गोविंदाची मांडी आणि खांदा थकतो, मल्लखांबावरच्या मुलाचा पुढचा हात थकतो, दिवसभर शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईची मान आणि खांद्याचा वरचा भाग थकतो. हृदय तोवर निवांत असते. याला स्थानिक स्नायू थकवा म्हणतात.

दुखणे म्हणजे थकवा नव्हे

बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. शरीरक्रियाशास्त्रात मात्र थकव्याची व्याख्या कोरडी आणि नेमकी आहे : श्रमामुळे स्नायूची जोर निर्माण करण्याची क्षमता तात्पुरती घटणे. म्हणजे दुखत नसतानाही स्नायू थकलेला असू शकतो, आणि दुखत असूनही त्याचा जोर परत आलेला असू शकतो. म्हणून मोजायचा असतो तो जोर. किती दुखते हा वेगळा, आणि खूपच फसवा, पुरावा आहे. वेदनाशामक गोळी घेतली की दुखणे कमी होते, जोर वाढत नाही. धावण्याआधी गोळी घेणारे लोक स्वतःच्या गाडीतला इंधनाचा काटा झाकून ठेवत असतात.

तुरीनमधले एक बोट

थकवा मोजण्याची पहिली नीट पद्धत इटलीतील तुरीनच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या अँजेलो मोसो यांनी उभी केली. त्यांनी एर्गोग्राफ नावाचे यंत्र बनवले आणि १८९१मध्ये ‘ला फातिका’, म्हणजे ‘थकवा’, हे पुस्तक लिहिले. यंत्र अगदी साधे होते. पुढचा हात फळीवर पक्का बांधायचा, शेजारची बोटे नळ्यांमध्ये अडकवायची आणि मधले बोट तेवढे मोकळे ठेवायचे. बोटाला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, तिच्या टोकाला दोन-तीन किलोंचे वजन. दर दोन सेकंदांनी बोट वाकवून वजन वर ओढायचे. दोरीला जोडलेली सुई फिरत्या, काजळी धरलेल्या कागदावर प्रत्येक ओढीची उंची रेखाटत जाई. सुरुवातीला उंच रेघा, मग बुटक्या आणि शेवटी काहीच नाही.

मोसो यांना दिसले की, प्रत्येक माणसाची उतरंड वेगळी असते. एकाची क्षमता पहिल्यापासून हळूहळू घसरते, तर दुसऱ्याची बराच वेळ टिकून अचानक कोसळते. तीच व्यक्ती पुन्हा आली की तोच आकार उमटतो. दुसरी गोष्ट अधिक चक्रावणारी होती. त्यांचे सहकारी डॉ. माज्जोरा विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर प्रयोगाला बसत, तेव्हा त्यांचे बोट नेहमीपेक्षा फार लवकर थकत असे. बोटाने त्या दिवशी काहीच केलेले नसे. दमलेला असे तो मेंदू.

या माज्जोरांचाच एक निष्कर्ष आजही काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. त्यांचे बोट सुमारे ३० ओढींनंतर पूर्ण थकत असे, आणि पूर्ववत व्हायला त्याला २ तास लागत. साहजिकच वाटेल की, १५ ओढींवर थांबलो तर १ तास पुरेल. प्रत्यक्षात अर्धा तासच पुरला. काम निम्मे, पण विश्रांती चौथाई. हिशेब मांडला तर २ तासांच्या एका फेरीत पूर्ण थकून ३० ओढी होतात; दर वेळी निम्म्यावर थांबले तर तेवढ्याच वेळात ६०. थकलेल्या स्नायूकडून काढलेल्या शेवटच्या काही ओढी फार महाग पडतात. हा प्रयोग एका बोटावरचा आणि मोजक्याच माणसांवरचा, म्हणून त्यातले आकडे तसेच्या तसे पाठीला किंवा मांडीला लावता येणार नाहीत. दिशा मात्र नंतरच्या संशोधनातही तीच राहिली : कामाची वेळ थकव्याच्या टोकाकडे सरकू लागली की, लागणारी विश्रांती त्या प्रमाणात न वाढता कितीतरी वेगाने वाढते.

थकतो कोण, मेंदू की स्नायू?

माज्जोरांच्या परीक्षांनी उभा केलेला हा प्रश्न ६० वर्षांनी ब्रिटिश संशोधक पी. ए. मर्टन यांनी चतुराईने हाताळला. १९५४च्या त्यांच्या प्रयोगात अंगठा आत ओढणारा छोटा स्नायू निवडला होता. माणसाने पूर्ण ताकदीने जोर लावायचा आणि त्याच क्षणी मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका द्यायचा. झटक्याने जोर आणखी वाढला तर मेंदू पूर्ण हुकूम सोडत नव्हता, हात राखून होता. काहीच वाढ झाली नाही तर स्नायूच संपला आहे. मर्टन यांना वाढ दिसली नाही. थकवा स्नायूतच होता. दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह बंद ठेवला तर विश्रांती देऊनही जोर परत येत नाही, पट्टा सोडला की येऊ लागतो, हेही त्यांनी दाखवले.

पुढे इतर स्नायूंवर आणि दीर्घ श्रमांवर तेच तंत्र वापरल्यावर चित्र थोडे बदलले. लांब पल्ल्याची धाव, उकाडा, झोपेची कमतरता अशा वेळी मेंदूकडून येणारा हुकूमही ढिला पडतो. त्यामुळे आज थकव्याचे दोन हिस्से मानतात : मध्यवर्ती आणि परिघीय. विजेच्या झटक्याचे हे तंत्र त्यांना वेगळे करण्याचे अजूनही सर्वांत विश्वासू साधन आहे, फक्त ते घरी करण्यासारखे नाही.

‘अंग आंबले’, पण आम्लामुळे?

मराठीत फार श्रम झाले की अंग आंबते. शाळेच्या पुस्तकातही लॅक्टिक आम्ल साचून स्नायू दुखतात असेच शिकवले गेले, त्यामुळे भाषा आणि विज्ञान यांचे छान जुळले होते. या आम्लाच्या आणि स्नायूंतल्या ऊर्जेच्या अभ्यासासाठी ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२चे नोबेलही मिळाले. त्यांचे काम टिकले. त्यावरून जिममध्ये रूढ झालेली समजूत टिकली नाही.

जोरदार व्यायामात लॅक्टेट वाढते हे खरे. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येते, हलके चालत राहिले तर त्याहून लवकर. हृदय आणि इतर स्नायू ते चक्क इंधन म्हणून वापरतात. व्यायामानंतरचे दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. जे तासाभरात निघून गेले, ते दोन दिवसांनी कसे दुखवेल? म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या मालिशने ‘साचलेले लॅक्टिक ॲसिड बाहेर काढले’, असे कोणी सांगितले तर मालिश आनंदाने करून घ्यावी, स्पष्टीकरणाकडे दुर्लक्ष करावे. मालिशने दुखणे काही प्रमाणात हलके होते, एवढे खरे.

भरून येण्याच्या वेळा किती?

‘स्नायू पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण एकाच स्नायूत अनेक गोष्टी वेगवेगळ्या वेगाने भरून येतात. क्षणभराच्या जोरासाठी लागणारा फॉस्फोक्रिएटिनचा साठा पहिल्या अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मा आणि ३ ते ५ मिनिटांत बहुतेक भरतो. वजन उचलणारे दोन फेऱ्यांमध्ये एवढे थांबतात ते यासाठीच. लॅक्टेटला तासभर लागतो. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतली साखरेची कोठी, रिकामी झाली तर नीट जेवूनही भरायला दिवसभर तरी जातो. तंतूंची मोडतोड झाली असेल तर काही दिवस, कधी आठवडाही.

यात एक छुपा थकवा आहे. १९७७मध्ये रिचर्ड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, दमवलेल्या स्नायूला विजेचे जलद झटके दिले तर तो लवकरच जवळपास पूर्ण जोर दाखवू लागतो, पण संथ झटक्यांना दुसऱ्या दिवशीही नीट दाद देत नाही. स्नायूच्या पेशीतून कॅल्शियम सुटण्याची क्रिया मंदावते, हे त्याचे कारण मानले जाते. रोजचे चालणे, जिना चढणे ही कामे मेंदू अशाच संथ संदेशांवर चालवतो. त्यामुळे एकदा पूर्ण जोर लावून पाहिला तर सगळे ठीक वाटते आणि साधे चालताना पाय ‘भरून आलेले’ असतात. रुग्णाच्या किंवा खेळाडूच्या या तक्रारीला अनेकदा ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावले जाते. ती मनातली नसते.

चढण दमवते, उतरण मोडते

कळसूबाई १६४६ मीटर उंच. चढताना छाती फुटते, पण दुसऱ्या दिवशी जे दुखते ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात : आखडण्याचा हुकूम मिळालेला असतो आणि शरीराच्या वजनाने ते ताणले जात असतात. अशा ताणत्या आखडण्यात स्नायूतंतूंची सूक्ष्म मोडतोड जास्त होते. श्वास मात्र लागत नाही, नाडी फार वाढत नाही. घड्याळाला हा भाग जवळपास दिसतच नाही, आणि सुरुवातीचे कोडे येथेच सुटते.

यातली चांगली बातमी अशी की स्नायू फार लवकर शिकतो. एकदा थोडी उतरण झाली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीने होणारे नुकसान बरेच कमी होते. मोठ्या ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी जवळच्या टेकडीवरून एकदा उतरून येणे हे कोणत्याही पावडरीपेक्षा उपयोगी आहे.

प्रयोगशाळेत काय वापरतात?

सर्वाधिक वापरले जाणारे तंत्र म्हणजे ईएमजी. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतल्या विजेची नोंद घेतात. स्नायू थकू लागला की तंतूंवरून जाणारी विद्युतलहर मंदावते, आणि नोंदीतल्या लहरींचा एकूण सूर उतरतो. जोर तेवढाच ठेवला तरी सूर खाली जातो. म्हणजे माणूस अजून तक्रार करत नसताना, वजन हातातून सुटण्याच्या आधीच, थकव्याची चाहूल लागते. पाठदुखीच्या आणि कारखान्यातल्या कामाच्या अभ्यासात याचा मोठा उपयोग झाला. अडचणीही आहेत. इलेक्ट्रोड दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला, घाम आला, त्वचेखाली चरबी जास्त असली की आकडे बदलतात. कालची नोंद आणि आजची नोंद यांची तुलना करताना तर फारच जपावे लागते.

दुसरे तंत्र प्रकाशाचे. डोळ्याला न दिसणारा, अवरक्ताजवळचा प्रकाश स्नायूत सोडायचा आणि किती शोषला गेला ते पाहायचे. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, त्यामुळे त्या स्नायूला प्राणवायू किती मिळतो आणि थांबल्यावर तो किती वेगात भरून येतो, हे कळते. हे उपकरण आता काडेपेटीएवढे झाले असून सायकलपटू ते मांडीवर बांधून चालवतात. चरबीचा थर जाड असेल तर येथेही प्रकाश स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही.

रक्तातील सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, ही तपासणी गल्लीतल्या प्रयोगशाळेतही होते. सामान्यतः तो आकडा दोनशेच्या आसपास किंवा खाली असतो. मॅरेथॉननंतर काही हजारांवर गेला तरी माणूस ठणठणीत असू शकतो. तो वाढतोही उशिरा, एक ते चार दिवसांनी, आणि दोन माणसांत प्रचंड फरक असतो. जोर किती परत आला याच्याशी त्याचा मेळ फारसा बसत नाही. खेळाडूंनी दर आठवड्याला तो तपासून घाबरण्यात अर्थ नाही. डॉक्टरांसाठी मात्र एका प्रसंगी तो फार मोलाचा आहे, त्याविषयी पुढे.

मोबाइलने मोजता येईल का?

येईल, आणि बऱ्यापैकी. पायांचा थकवा पाहण्यासाठी प्रशिक्षक जागेवरून उभी उडी वापरतात, कारण उडीत मांडी आणि पोटरीचा जोर क्षणात लागतो. त्यासाठीचे महागडे जोरमापक फळकुट नसेल तर फोनचा स्लो-मोशन कॅमेरा पुरतो. पाय जमिनीवरून सुटले तो क्षण आणि पुन्हा टेकले तो क्षण, यांमधल्या चित्रचौकटी मोजायच्या. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या फोनवर १२० चौकटी आल्या म्हणजे माणूस अर्धा सेकंद हवेत होता. हवेतल्या वेळेचा वर्ग करून त्याला ९.८१ने गुणायचे आणि ८ने भागायचे : उडी सुमारे ३१ सेंटिमीटर. दोन दिवसांनी त्याच माणसाच्या ११२ चौकटी भरल्या तर उडी २७ सेंटिमीटरवर आली. चार सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास १३ टक्क्यांची ही घट आहे, आणि मांड्या अजून भरल्या नाहीत असे म्हणायला ती पुरेशी आहे.

एका चौकटीची चूक येथे उंचीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पाडते, ते चालण्यासारखे आहे. साध्या ३० चौकटींच्या व्हिडीओवर मात्र तीच चूक चार सेंटिमीटरची होते, म्हणजे जे मोजायचे तेवढीच. त्यामुळे स्लो-मोशन हवाच. हात कमरेवर ठेवायचे, नाही तर हातांच्या झटक्याने उडी वाढते. टेकताना गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे नाहीत, कारण हवेतला वेळ फसवा वाढतो. तीन उड्या मारून त्यांतली सर्वोत्तम किंवा सरासरी धरायची, पण दर वेळी एकच रीत. फोनही नको असेल तर खडू लावलेले बोट आणि भिंत हा १९२०च्या दशकापासून चालत आलेला मार्ग आहेच.

पोटरीसाठी एका पायावर टाच उचलण्याची चाचणी सोपी आहे. भिंतीला बोटे टेकवून, ठरावीक तालात, टाच पूर्ण वर जाईल अशा किती उचली होतात ते मोजायचे. निरोगी प्रौढासाठी २५च्या आसपास हा जुना मापदंड सांगितला जातो. दोन्ही पायांत तफावत दिसली तर ती आकड्यापेक्षा महत्त्वाची. मात्र ही चाचणी स्वतःच पोटरीला थकवते, म्हणून रोज करायची नाही. हाताच्या पकडीसाठी डायनॅमोमीटर मिळतो. कोपर काटकोनात, एकाच हाताने, मध्ये मिनिटभर थांबून तीन वेळा दाबायचे.

या सगळ्यात एक पथ्य पाळले नाही तर मेहनत वाया जाते. आधी ताज्या अवस्थेत तीन-चार वेगवेगळ्या दिवशी मोजून आपला स्वतःचा आकडा आणि त्यातला नेहमीचा हेलकावा माहीत करून घ्यायचा. कोणाची उडी रोजच्या रोज दोन सेंटिमीटरने वरखाली होत असेल तर दोन सेंटिमीटरच्या घटीला काही अर्थ नाही. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना तर नकोच. मोसोंच्या कागदावर प्रत्येकाची उतरंड वेगळी होती ती उगाच नव्हे.

आणि सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे प्रश्न. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव आकड्यात सांगण्याच्या पट्ट्या तयार केल्या. शून्य ते दहाची पट्टी घेऊन ‘एकूण किती दमलास’ असे न विचारता ‘मांडी किती, पोटरी किती, श्वास किती’ असे वेगवेगळे विचारले तर स्थानिक थकवा आश्चर्य वाटेल इतका नीट उलगडतो. तालमीतला वस्ताद नव्या पोराला जोर-बैठकांनंतर हेच विचारायचा, फक्त आकडे न वापरता.

भरतीच्या मैदानावर धोका कोणता?

पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धाव आणि गोळाफेक अशी ५० गुणांची मैदानी चाचणी असते. जाहिरात आली की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे मुले-मुली धावताना दिसतात. अनेकांची तयारी दोन-तीन महिन्यांची, कोणाची त्याहूनही कमी. पहिल्याच दिवशी शेकडो उठाबशा, सलग सहा दिवस डांबरी रस्त्यावर वेळ लावून धाव, अंग दुखले की गोळी. येथे थकवा मोजायची सवय चैनीची राहत नाही.

कारण सराव नसलेल्या स्नायूवर एकदम अतिश्रम लादले, त्यात उकाडा आणि पाण्याची कमतरता आली, तर तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते. ते मूत्रपिंडांना झेपत नाही. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू प्रमाणाबाहेर सुजणे व दुखणे, हातपाय उचलता न येणे आणि लघवी काळ्या चहासारखी होणे ही त्याची लक्षणे. तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. लघवीचा रंग बदलला तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि किती, केव्हा, कसला व्यायाम केला ते डॉक्टरांना सांगायचे. सीकेची तपासणी खऱ्या अर्थाने कामी येते ती येथे. अशा वेळी काही वेदनाशामके मूत्रपिंडांवरचा भार वाढवतात, त्यामुळे स्वतःच्या मनाने गोळी घ्यायची नाही. शाळेत शिक्षा म्हणून शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावणाऱ्यांनाही हे माहीत असायला हवे. उठाबशांत उतरणीसारखाच ताणता जोर लागतो आणि वैद्यकीय साहित्यात त्यांच्यामुळे झालेल्या या विकाराच्या नोंदी आहेत.

तयारी करणाऱ्याला एवढे करता येईल : आठवड्यातून दोनदा, सकाळी, हलके अंग मोकळे करून तीन उड्या मोजायच्या. आकडा नेहमीच्या हेलकाव्याच्या खाली असेल तर त्या दिवशी वेगाचा सराव सोडून चालणे किंवा गोळाफेकीचे तंत्र.

पोते उचलणाऱ्याचे कोण मोजते?

खेळाडूंच्या मांड्यांवर लाखोंची उपकरणे लागतात. ज्यांचे पोट स्नायूंवर चालते त्यांच्याकडे यातले काहीच नाही. सिमेंटची गोणी ५० किलोंची, युरियाची ४५. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नायॉशने, १९९१मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे वजन अंगाजवळ, उंची सोयीची, कंबर न वळवता आणि अधूनमधूनच उचलायचे असेल, तर शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. उंची, अंतर, वळण, वारंवारता वाढेल तसा हा आकडा खाली येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ची शिफारस प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंवर जाऊ नका, एवढीच आहे. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की कोणते मोजमाप माणसाच्या पाठीकडे बघून ठरले, याचा अंदाज येतो.

महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९चा कायदा आहे आणि त्याने मजुरी, रजा, भविष्य निर्वाह निधी यांची घडी बसवली. पण हमाली बहुतांशी नगावर किंवा वजनावर मिळते, ऊसतोड टनावर. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या जोडप्याला मध्येच थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. माज्जोरांच्या बोटाचा हिशेब लावला तर हीच पद्धत सर्वांत उधळी ठरते, कारण प्रत्येक जण शेवटच्या महागड्या ओढींपर्यंत जातो.

कामगारांना पिळून घेण्यासाठी ज्याचे नाव घेतात त्या फ्रेडरिक टेलरचेही हेच म्हणणे होते. १९११च्या पुस्तकात त्याने बेथलेहेम स्टील कंपनीतल्या कच्च्या लोखंडाच्या, सुमारे ४२ किलोंच्या लगडी वाहणाऱ्या कामगारांचे उदाहरण दिले. दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांपर्यंत काम नेल्याचा त्याचा दावा इतिहासकारांनी पुढे बराच तपासून काढला आणि त्यातल्या रंगसफेदीवर बोट ठेवले. पण त्याच पानांवर तो लिहितो की, एवढ्या वजनाचा माणूस दिवसातला ४३ टक्के वेळच ओझ्याखाली असावा, उरलेला ५७ टक्के वेळ त्याचे हात रिकामे असावेत.

मुंबईत शीव येथे केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था आहे. श्रमाचे शरीरक्रियाशास्त्र हा तिच्या कामाचा जुना भाग. बाजार समितीच्या आवारात पकडीचा डायनॅमोमीटर ठेवून पाळी सुरू होताना, दुपारी आणि पाळी संपताना तीन-तीन वेळा दाबून घेणे याला प्रयोगशाळा लागत नाही. उपकरण काही हजारांत येते. दुपारच्या जेवणानंतर जोर किती परतला, शनिवारचा सकाळचा आकडा सोमवारपेक्षा किती खाली आहे, एवढे दोन स्तंभ महिनाभर भरले तरी कोणत्या वेळी पंधरा मिनिटांची सुट्टी ठेवायची, हे हमाल आणि व्यापारी दोघांनाही कागदावर दिसेल.